चकती फिरू नये म्हणून

फसवलं मी. विजेच्या कंपनीला फसवलं, तिच्या वायरमनला फसवलं आणि माझ्या थोरल्या वहिनीला ती मरेपर्यंत फसवलं. कंपनीने मला लुबाडलं असं मी भांडीबाजारात ज्याला त्याला सांगत आलो. त्यातलं खरं एवढंच, की ती मीटरचं भाडं जास्त घेते.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मंडळीलाही नाही — ती माझी बायको, एका ताटातली भाकरी वाटून खाल्लेली, तरी तिला नाही. मग तुम्हाला का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्याला सांगायचं तर सांगताना त्याचं तोंड बघावं लागतं.

मी निफाडकडचा. आईबाप लवकर गेले. थोरल्या भावाने मला नाशकात आणलं. तो भांड्यांच्या दुकानात ओझी वाहायचा. त्याचं लग्न झालं तेव्हा मी इतका लहान होतो, की नव्या नवरीच्या पदराला धरून झोपायचो, असं लोक सांगतात. मग भाऊ तापाने गेला. वहिनीला मूलबाळ नव्हतं, माहेर होतं. तिचे भाऊ न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "दगडूला कुठं टाकू?" आणि राहिली. लोकांची भांडी घासली, पापड लाटले. तिच्या अंगावरचं शेवटचं सोनं मोडून मी मोड विकत घेण्याचा धंदा काढला — मोड म्हणजे फुटकी, पोचे आलेली तांब्यापितळेची भांडी. दारोदार फिरायचं, बायकांशी घासाघीस करायची, वजनाने घ्यायचं, भट्टीवाल्याला विकायचं. त्यातून दुकान झालं. दुकानातून घर झालं. खाली पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि देव, वर निजायच्या खोल्या, मध्ये उभा लाकडी जिना, धरायला वरून लोंबता दोर.

लहानपणी ती मला दगडू म्हणायची. माझं लग्न झालं तशी भावजी म्हणू लागली. मला ते कधी आवडलं नाही, पण मी तसं बोललो नाही.

घासाघीस मला येते. दुसरं काही येत नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही म्हणाल हा बढाया मारतोय — नाही. पुढचं कळायला हवं म्हणून सांगतो. सौद्याचा एक नियम आहे. भाव सांगून झाले, मागून झाले, की शेवटी दोघेही गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात जो आधी तोंड उघडतो, तो हरतो. मी कधी आधी बोललो नाही. बाजारात मला लोक मुका शेठ म्हणतात — तोंडावर नाही, पाठीमागे.

तर वीज.

आमच्या गल्लीत खांब आले तेव्हा मी पहिल्या दोनचारांत अर्ज केला. हौस म्हणून नव्हे. रॉकेल महाग होत होतं, आणि दुकानात उजेड असला की भांडं चकाकतं, चकाकलं की विकतं. पण पहिलं बिल आलं आणि माझं डोकं फिरलं. दिवा लावा की न लावा, महिन्याला मीटरचं ठरलेलं भाडं भरायचंच! न जाळलेल्या दिव्याचे पैसे? मी गिऱ्हाइकाकडे न दिलेल्या तांब्याचे पैसे मागितले, तर ते मला जोड्याने मारेल. मी कचेरीत जाऊन भांडलो. तिथला कारकून म्हणाला, "नियम आहे." नियम कोणी केला, विचारलं, तर छपराकडे बघायला लागला. तो राग माझ्या पोटात बसला तो बसलाच. अजूनही आहे. बघा — एवढं सगळं झालं, तरी तो राग अजून आहे.

मग एका संध्याकाळी मला ती गोष्ट सापडली.

मीटरच्या काचेआड एक पातळ चकती असते. दिवा लावला की ती फिरते, आणि ती फिरली की बिल चढतं. मी तिच्यापुढे पाट टाकून बसायचो. मंडळी म्हणायची, "देवापुढे एवढं बसला असतात तर एव्हाना पावला असता." त्या दिवशी सगळे मोठे दिवे बंद होते. फक्त एक लहानसा बल्ब जळत होता, काजव्याएवढा. आणि चकती हलत नव्हती. मी डोळे चोळले. बल्ब विझवला, पुन्हा लावला. हलली नाही. इतक्या थोड्या विजेने तिला ढकललंच जात नव्हतं. दुसरा दिवा लावला की ती चालू लागायची. एकटा लहान बल्ब असला की थांबायची. भाड्याने लुबाडता काय? आता उजेड फुकट घेतो.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. मोठा बल्ब फक्त दुकानात, फक्त गिऱ्हाईक असेल तेव्हा. घरात लहान बल्ब, आणि एका वेळी एकच. स्वयंपाकघरातला लावायचा तर वरचा आधी बंद. मी खालून ओरडायचो, "कोणता लावलाय?" आणि वरून मंडळी म्हणायची, "कोणताच नाही, तुमच्या नावाने बोटं मोडतेय, त्याला उजेड लागत नाही." ती हसायची तेव्हा. आम्ही सगळेच हसायचो.

वहिनी हसायची नाही, तक्रारही करायची नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. एकदाच म्हणाली, "भावजी, जिन्यावर एक दिवा असता तर बरं होतं. पायरी कुठं संपते ते कळत नाही." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत होतं. तिनेच मला वाढवलं ना.

जिन्यावरचा दिवा बसवला तो युसूफने. युसूफ कंपनीचा वायरमन. तरणा, सडपातळ, कमरेला पक्कडींचा पट्टा, तोंडात सदा काहीतरी गुणगुणणं. भद्रकालीकडे राहायचा, घरी म्हातारी आई. तो आमच्याकडे फ्यूज बघायला आला होता, आणि वहिनी जिना चाचपत उतरताना त्याला दिसली. त्याच्या पिशवीत कुठल्याशा कामातून उरलेली वायर होती. "शेठ, मावशीसाठी एक दिवा टाकून देतो जिन्यावर," म्हणाला, "मजुरी नको." मजुरी नको म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू? बटण वरच्या तोंडाशी बसवलं त्याने, वहिनीच्या हाताच्या उंचीवर. तिने ते दाबलं आणि लहान बल्ब लागला. तिने बल्बाला हात जोडले, मग युसूफच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. तो लाजला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे सांगायचं लांबणीवर पडावं म्हणून, हेही खरं.

त्या दिवशी सकाळी मीच युसूफला बोलावलं होतं. मीटर जास्त पळतो अशी तक्रार केली होती कंपनीकडे — मी! चकती थांबवून बसलेला मी. भाडं कमी करायला लावायचं तर आधी बोंब मारलेली बरी, हा माझा हिशेब. युसूफने मीटर बघितला, हसला. "शेठ, पळत नाही हा, झोपलाय. अंधारात जेवता काय तुम्ही लोक?" मग फ्यूजची तार जुनी झाली होती म्हणून त्याने ती बदलली, नवी घातली, स्क्रू आवळले आणि गेला.

दुपारी दुकानातला मोठा बल्ब उडाला. नवा आणायचा तर पैसे. मी जिन्यावरचा लहान बल्ब काढला आणि दुकानातल्या होल्डरात घातला. तात्पुरता. वहिनी रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायला खाली येते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. इतकी वर्षं येत होती. तेव्हा ते माझ्या मनात आलं नाही, असं म्हणून मी सुटू शकेन. पण पुढचं काय?

संध्याकाळी त्र्यंबकचा एक व्यापारी आला. यात्रेकरूंना विकायचे तांब्याचे गडवे, गंगा भरून नेण्याचे. मोठा सौदा होता. भाव सांगून झाले, मागून झाले. आम्ही दोघे गप्प बसलो. रस्त्यावर अजून उजेड होता, म्हणून दुकानातला बल्ब मी लावलाही नव्हता. आत जिन्यावर मात्र काळोख.

आणि मी बटणाचा आवाज ऐकला.

खट्. वरून. मग थोडं थांबून पुन्हा — खट्.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी आहे, एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात वातींचं तबक, बटण कोपराने दाबते आहे, आणि दिवा लागत नाही. तिला एक शब्द ओरडून सांगायचा होता. "थांब." एवढाच. माझ्या तोंडात आला होता तो. पण समोर त्र्यंबकचा व्यापारी गप्प बसला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आता तो बोलणार, आता बोलणार, हे मला दिसत होतं. मी आधी तोंड उघडलं असतं तर सौदा फिरला असता.

मी गप्प बसलो.

व्यापारी म्हणाला, "बरं, तुमचंच खरं." आणि आत वहिनी पडली.

कसा आवाज होतो ते सांगत नाही. बुधलीचा वेगळा आला, तबकाचा वेगळा आला. व्यापारी भला माणूस, हाड बसवणाऱ्याला आणायला तसाच धावला. मंडळी काळ्या रामाच्या देवळात गेली होती. घरात मी आणि वहिनी. ती जिन्याच्या पायथ्याशी पडलेली, पाय विचित्र वळलेला, सगळीकडे तेल. शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती.

मी काय केलं? तिला उचललं? पाणी दिलं?

मी दुकानातला बल्ब काढला. तिला ओलांडून — हो, ओलांडून — जिना चढलो, आणि बल्ब जिन्यावरच्या होल्डरात बसवला. पुन्हा तिला ओलांडून खाली आलो. मीटरच्या पाटीवरचा फ्यूज ओढला, तारेचा स्क्रू सैल केला, तार बाहेर काढली, फ्यूज परत बसवला. मग तिच्याजवळ बसलो आणि ओरडलो, "अरे धावा, लाईट गेली, वहिनी पडली!"

आधी लाज होती. जिने वाढवलं तिचा जिना याने अंधारात ठेवला, असं गल्लीने म्हणू नये, एवढंच होतं मनात. लोक कंदील घेऊन आले. कोणी बटणं दाबून पाहिली, एकही दिवा लागला नाही. कोणी कंपनीत धावलं. युसूफ आला. त्याने फ्यूज उघडला आणि त्याचा चेहरा पांढरा झाला. सकाळी त्याच्याच हाताने बसवलेली तार लोंबत होती.

"मी आवळला होता, शेठ," तो म्हणाला. "आवळला होता असं वाटतं."

"वाटतं?" मी म्हणालो, आणि सगळ्या गल्लीसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

तुम्हाला सांगतो, तो राग खरा होता. खोटं बोलताना मला खरा राग आला. तो कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही. युसूफने हात उचलला नाही. तो वहिनीच्या पायांशी बसला आणि रडायला लागला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. टेबलावर हात आपटला. "बाईमाणूस लुळं झालं तुमच्यापायी. याला जबाबदार कोण? त्या माणसाचं नाव मला पाहिजे. तोंडी नको, लिहून पाहिजे." साहेब घाबरले होते. गावात वीज नवी, लोक आधीच भीत होते, वर्तमानपत्रात आलं तर? त्यांनी कागदावर युसूफचं नाव लिहिलं आणि सांगितलं, त्याला आजच काढलं.

मी तिथं थांबलो असतो. थांबायला हवं होतं. पण समोरचा माणूस घाबरलेला दिसला की माझ्या अंगात काय येतं कोण जाणे. मी म्हणालो, त्याला काढून माझ्या वहिनीचा पाय येतो का? मग गप्प बसलो. ते बोलले. भाडं माफ, म्हणाले. मी गप्प. या महिन्याचं बिल माफ. मी गप्प. शेवटी ठरलं ते असं — वहिनी अंथरुणावर आहे तोवर आमच्या घराचं बिल माफ.

मी हात मिळवून घरी आलो. वाटेत मोठे बल्ब घेतले.

त्यानंतर गल्लीत सगळ्यात उजेडाचं घर आमचं. चकती गरगर फिरायची आणि मी तिच्याकडे बघायचोही नाही. वहिनीचं अंथरूण खालच्या मागच्या खोलीत घातलं होतं, तिथंही मोठा बल्ब. ती म्हणायची, "भावजी, डोळ्यांवर येतो." मी म्हणायचो, "असू दे, फुकट आहे." ती भिंतीकडे तोंड करायची. पुढे कधीतरी हाड बसवणारा म्हणाला, काठी दिली तर चार पावलं टाकतील. काठी आणायला मी विसरलो. मंडळीने आठवण केली, पुन्हा विसरलो. हे विसरणं कसलं, ते तुम्ही ओळखा. मी तरी त्याला विसरणंच म्हणत आलो.

कंपनीचा माणूस चौकशीला आला तेव्हा तिने काय सांगितलं माहीत आहे? "मला काही दिसलं नाही." तिने खोटं सांगितलं नाही. मला उघडंही पाडलं नाही.

युसूफ यायचा. काम गेलेलं, तरी पेरू घेऊन यायचा. दाराशी चपला काढून उभा राहायचा, मावशी बरी आहे का विचारायचा, तिच्या पायांना हात लावून माफी मागायचा. ज्याने काही केलं नाही, तो माफी मागायचा. आणि जिला हे माहीत होतं, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. पेरू तसेच राहायचे.

एकदा तो गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. पडल्यापासून त्या गोष्टीबद्दल पहिल्यांदाच बोलली.

"दगडू," ती म्हणाली. भावजी नाही. "त्या पोराला सांग. माझ्याने त्याचं रडणं बघवत नाही. मी कोणाला बोलणार नाही, कंपनीला सांगू नको, गल्लीला सांगू नको. फक्त त्याला सांग, की तुझी चूक नव्हती. नाहीतर तो मला दिसू देऊ नको."

आता ऐका. इथवर आलोय ते यासाठीच.

मी युसूफला गाठलं, रविवार कारंजाजवळ. आणि सांगितलं, "वहिनीला तुझं तोंड बघायचं नाही. येत जाऊ नकोस."

तिने म्हटलेल्यातलं अर्धं मी सांगितलं. अर्ध्या मापाने मी आयुष्यभर विकलं, तसंच. पेरूंचं फडकं त्याच्या हातात होतं, ते त्याने माझ्या हातात दिलं आणि गेला.

घरी वहिनीने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

काही दिवसांनी म्हणाली, "येत नाही तो."

"राग आला असेल."

"येणारच," ती म्हणाली. "बरोबर आहे त्याचं."

मग ती मरेपर्यंत, दाराशी चपलांचा आवाज आला की मान वळवायची. तिला वाटायचं, पोराला खरं कळलं, आणि मी इतके दिवस गप्प राहिले म्हणून तो मला माफ करत नाही. आणि त्याला वाटायचं, मावशी मला माफ करत नाही. दोघांच्या मध्ये मी. उजेडात. फुकटच्या.

शेवटच्या दिवशी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "युसूफ आला का?" मी म्हटलं, येतोय. ती वाट बघत गेली.

तिला उचललं तेव्हा गर्दीच्या मागे, समोरच्या ओट्याला टेकून तो उभा होता. पुढे आला नाही. त्याला यायची मनाई होती ना. लांबून, एकटा, गोदेपर्यंत चालत आला आणि घाटाच्या वरच उभा राहिला. मी त्याला पाहिलं. त्याने पाहिलेलं मी पाहिलं. हाक मारायला काय लागतं? एक शब्द. मी खांद्यावर मडकं घेतलं होतं.

आमच्यात माणूस जिथं जातं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात, पिठाच्या सारवणावर, टोपलीखाली. पिठावर काय ठसा उमटतो ते बघतात — गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. तेलाचा दिवा, वरच्या मोठ्या बल्बच्या उजेडात दिसतही नव्हता. पहिल्याच संध्याकाळी मी तिथून जाताना थांबलो, टोपली उचलली, आणि वात जरा आत ओढली. तेल जास्त जळत होतं. माझ्या हाताने ते आपलं आपण केलं. मला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं.

सकाळी बायका जमल्या. टोपली काढली. मंडळी म्हणाली, "अगं बाई, पाखराची पावलं!" पिठावर दोन लहान ठसे होते. सगळ्या बायकांनी हात जोडले. वहिनी पाखरू झाली, म्हणाल्या, सुटली. ते माझ्या बोटांचे ठसे होते. मी पण हात जोडले.

तेराव्याच्या आधीच कंपनीचा माणूस आला, मीटरचा आकडा लिहून घ्यायला. ठरलंच होतं तसं. त्याने टोपी काढून दुःख व्यक्त केलं आणि आकडा लिहिला. मी सगळे मोठे बल्ब काढून ठेवले. रडू आलं नाही. मला अजून आलेलं नाही. आत काहीतरी थांबल्यासारखं आहे, आणि दिवा लागलेला आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी हे सांगितलंही नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आमचा स्टोव्ह बिघडला. भद्रकालीत एक जण स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करतो, स्वस्तात करतो, असं कोणी सांगितलं. गेलो. युसूफ होता. फूटपाथवर गोणपाट टाकून बसलेला, दाढी आलेली, पण हात तसेच चलाख. तो उठून उभा राहिला. "सलाम शेठ." स्टोव्ह घेतला, उघडला, पिन फिरवली, फुंकर मारली. मी मजुरी विचारली. त्याने सांगितली. आणि मी —

मी कमी करायला सांगितली. त्याने केली. मी गप्प बसलो. त्याने आणखी केली.

पैसे घेताना त्याने मान वर न करता विचारलं, "शेठ, एक विचारू? मावशीने शेवटी... माझं नाव काढलं का कधी?"

बाजाराचा गोंगाट होता. मला ऐकू आलं नाही असं करता आलं असतं. पण या वेळी मी आधी बोललो.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाला, आणि स्टोव्ह फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. चांगला चालतो. रोज सकाळी त्यावर चहा होतो.

मला काही नको आहे. माफी नको, सल्ला नको. फक्त एक काम अर्धं राहिलं आहे. त्या दिवशी कचेरीत मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, याला जबाबदार कोण, त्याचं नाव लिहून पाहिजे. साहेबांनी लिहिलं. चुकीचं लिहिलं. ते खोडा. तिथं लिहा — दगडू सखाराम कासार, भांडीबाजार, नाशिक. लिहिलंत? आता त्याला बोलवा. भद्रकालीत त्या गोणपाटासमोर उभा करा, आणि युसूफच्या देखत विचारा, खट् असा आवाज आला तेव्हा तू काय बोललास.

तो गप्प बसेल. बसू देऊ नका.